पत्रकार व्हायचंय? भाषा आधी धरा

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे पत्रकारिता आणि परकीय भाषा हे दोन्ही विभाग आहेत. पत्रकारितेला प्रवेश पदवीनंतर. जर्मन, फ्रेंच, जपानीचा सर्टिफिकेट कोर्स मात्र बारावीनंतर करता येतो. म्हणून आम्ही सांगतो, भाषा पदवीच्या पहिल्याच वर्षी सुरू करा.

अरबीबाबत पालकांचा गैरसमज होतो. मकतबात मुलं कुरआन वाचायला शिकतात, पण तेवढ्यावर बातम्यांची अरबी कळत नाही. ती वेगळी शिकावी लागते. अल जझीरा १९९६ मध्ये अरबीत सुरू झालं, इंग्रजी वाहिनी आली २००६ मध्ये. गाझाची बातमी आजही बहुतेकदा इंग्रजीतून फिरूनच मराठीत येते.

घरात उर्दू असेल तर तिची लिपी याच सुट्टीत शिकवा. मराठी शाळेतल्या आपल्या पुष्कळ मुलांना उर्दू बोलता येते, वाचता येत नाही.