माशाची साक्ष नोंदविणारी उपकरणे

एखाद्या प्राण्याला रंग ओळखता येतात किंवा नाही, हा प्रश्न वरकरणी नेत्ररचनेचा वाटला, तरी त्याचा निवाडा अखेर वर्तनावरूनच करावा लागतो. कारण नेत्रपटलात निरनिराळ्या शंकुपेशी आढळल्या, तरी त्यांतील भेदाचा तो प्राणी उपयोग करतो की नाही, हे त्या पेशी सांगत नाहीत. मुक्या जलचराची ही जबानी घेणाऱ्या साधनांची कथा म्यूनिकमधील एका विख्यात वादापासून सुरू होते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस यांनी अंधारात माशांच्या टाकीवर वर्णपट पाडला. संपूर्ण रंगांध माणसाला जो पट्टा सर्वांत उजळ भासतो त्यातच मासे गोळा झाले, आणि हेस यांनी मत्स्यजात रंगांध असल्याचा फैसला दिला. पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले कार्ल फॉन फ्रिश त्या वेळी तरुण होते. उजेडाकडे धावणारा मासा केवळ उजेडाची निवड करतो, रंगाविषयी त्याला कोणी विचारलेलेच नसते, हा त्यांचा आक्षेप होता.

त्यांचे साधन अगदी साधे, परंतु त्यामागील तर्क बिनतोड होता. मिनो या छोट्या माशाला विशिष्ट रंगाजवळ अन्न मिळण्याची सवय लावावयाची, आणि मग अन्न न ठेवता तोच रंग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या करड्या छटांच्या रांगेत मांडावयाचा. रंगांधाला प्रत्येक रंग कोणत्या ना कोणत्या करड्या छटेसारखाच दिसणार, म्हणून तो तेथे फसलाच पाहिजे. मिनो फसले नाहीत. आणि अन्नच नसल्याने वासाने वाट दाखविली, ही शंकाही उरली नाही.

हाच शिरस्ता जर्मनीतील माइन्त्स येथे क्रिस्टा नॉयमायर यांनी सोनमाशावर अधिक काटेकोरपणे चालविला. टाकीत शेजारी शेजारी दोन प्रकाशित खिडक्या, प्रत्येकीत एकाच तरंगलांबीचा किंवा मोजून मिसळलेला प्रकाश, आणि योग्य खिडकीशी येणाऱ्या माशाला अन्नाचे बक्षीस. जागेची खूणगाठ बांधू नये म्हणून डावी-उजवी बाजू अनियमितपणे बदललेली, तेजाचा आधार घेऊ नये म्हणून तीव्रताही कमीअधिक केलेली. या मांडणीतून सोनमाशाचे रंगज्ञान चार प्रकारच्या शंकुपेशींवर उभे असल्याचे सिद्ध झाले: तीन सुमारे ४५०, ५३० व ६२५ नॅनोमीटरला सर्वाधिक संवेदनक्षम, आणि चौथी जंबुपार प्रकाशाची.

दुसरे प्रचलित साधन म्हणजे गोल जलपात्राभोवती फिरणारा पट्ट्यांचा दंडगोल. पट्टे सरकताना दिसले की मासा त्यांच्याबरोबर पोहू लागतो. शिकवणीची गरज नाही, म्हणून हे साधन सोयीचे. तथापि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, तांबड्या-हिरव्या पट्ट्यांची तेजस्विता विशिष्ट प्रमाणात जुळविताच सोनमाशाचे हे अनुसरण थांबते. ज्याचे चतुर्वर्णी रंगज्ञान निर्विवाद ठरले, तोच मासा येथे रंगांध भासतो. कारण गती टिपताना त्याची दृष्टी मुख्यतः दीर्घ तरंगलांबीच्या शंकुपेशींवर विसंबते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: अशा उपकरणाने नोंदविलेला होकार हा पुरावा होय, नकार मात्र त्या एका प्रश्नापुरताच ग्राह्य धरावा, आणि कोणत्याही प्राण्याला असमर्थ ठरविण्यापूर्वी त्याला नेमके काय विचारले गेले, हे आधी तपासावे.