मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका



लागण नोंदीच्या कामावर असताना एका वडीलधाऱ्या सभासदांच्या प्लॉटवर गेलो होतो. खोडकिडीने पोंगे वाळलेले. मी म्हटले, "आबा, हे पोंगे बघा." आबांनी डोळे बारीक केले अन् म्हणाले, "सगळं धुक्यातल्यावानी दिसतंय. मोतीबिंदू हाय, पर अजून पिकला न्हाई. पिकला की काढू."

ऊस पिकू द्यावाच लागतो, त्याशिवाय उतारा मिळत नाही. डोळ्याला मात्र हा हिशेब लावू नये.

बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. वयोमानाने ते गढूळ होते, तोच मोतीबिंदू. मधुमेहाने किंवा डोळ्याला मार लागल्यानेही तो लवकर येतो. थेंब, अंजन, मध यांनी तो विरघळत नाही; शस्त्रक्रिया हाच उपाय. (उसाचे पान डोळ्याला कापले तर ती इजा निराळी. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.)

पिकेपर्यंत थांबण्याची समजूत अगदीच खोटी नव्हती. पूर्वी भिंग काढून जाड चष्मा देत, त्याने नजर बेताचीच येई. लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिले कृत्रिम भिंग डोळ्यात बसविले. युद्धात विमानाच्या प्लास्टिकच्या काचेचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही डोळा चिडत नाही, हे त्यांनी हेरले होते. आता भिंग बसविणे रोजचेच झाले आहे. म्हणून रोजचे काम अडू लागले की शस्त्रक्रिया करावी. ऋतू कोणताही चालतो. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो. कधी डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो. त्यात गेलेली नजर परत येत नाही.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून आहे. सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. आपल्याला बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. अगोदर रक्तातील साखर व रक्तदाब तपासतात, तेव्हा चालू गोळ्या सोबत न्याव्यात.

नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस थेंब घालावेत. डोळा चोळू नये, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये, चुलीच्या धुरात बसू नये, ओझे उचलू नये. बरे वाटले म्हणून चौथ्या दिवशी दारे धरायला जाणारे बहाद्दर आपल्यात कमी नाहीत! डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर कमी वाटली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे.