शेतकऱ्यांची नोंदणी आणि एकमेव क्रमांक

शेतीविषयक योजनांचे बहुतेक अर्ज आता संगणकावर भरण्यात येतात. महाराष्ट्रात दिनांक १५ एप्रिल २०२५ पासून कृषि विभागाच्या योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक करण्यात आला आहे. हा क्रमांक चुकीच्या नोंदीस जोडला गेल्यास एकाचे अनुदान दुसऱ्याच्या खात्यात जमा होण्याचा अथवा हक्काच्या शेतकऱ्याचा अर्ज नामंजूर होण्याचा संभव असतो. म्हणून असे अर्ज तयार करवून घेणारे अधिकारी व नोंदी भरणारे कर्मचारी या दोघांनीही क्रमांकामागील तत्त्व समजून घेणे अगत्याचे आहे.

नंदुरबार जिल्ह्याचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. देशातील पहिले आधार क्रमांक दिनांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली या गावी देण्यात आले.

नाव पुरेसे का नाही?

आपल्या जिल्ह्यात पाडवी, वळवी, वसावे, गावित ही आडनावे गावोगावी आढळतात. एकाच गावात नाव, वडिलांचे नाव व आडनाव सारखे असलेले दोन खातेदार असू शकतात. उलटपक्षी, एकाच माणसाचे आडनाव एका कागदावर ‘गावित’ तर दुसऱ्यावर ‘गावीत’ असे लिहिलेले असते. गावातील माणूस हा भेद सहज ओळखतो. संगणकास मात्र पहिल्या प्रकारात दोघे एकच वाटतात आणि दुसऱ्या प्रकारात एकच माणूस दोन वाटतो. यास्तव नाव हा एकमेव रकाना कधीही मानू नये.

क्रमांक कोणी द्यावा?

कार्यालयातील आवक नोंदवही एकाच कारकुनाच्या हाती असते, म्हणून तीत क्रमांकाची पुनरुक्ती सहसा होत नाही. संगणकावर मात्र अक्कलकुवा, तळोदा व नवापूर येथे एकाच क्षणी अर्ज भरले जातात. प्रत्येक ठिकाणच्या अर्जाने शेवटचा क्रमांक २४० पाहून त्यात एक मिळविला, तर तिघांसही २४१ हाच क्रमांक मिळेल. म्हणून क्रमांक अर्जाने अथवा कर्मचाऱ्याने न देता, सर्व नोंदी जेथे साठविल्या जातात त्या डेटाबेसने नोंद जतन होते वेळी स्वतः द्यावा. ‘हे मूल्य पुन्हा येता कामा नये’ हा निर्बंधही तेथेच घालावा. अर्जातील तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असावी; खरा पहारा साठवणीच्या ठिकाणीच बसविला पाहिजे.

अशा क्रमांकांत मधला एखादा अंक गळाल्यास काळजीचे कारण नाही. अर्धवट राहिलेल्या अर्जामुळे असे घडते. गळालेला अथवा रद्द झालेला क्रमांक दुसऱ्यास देऊ नये, कारण जुन्या पावतीवर तो छापला गेलेला असू शकतो.

आधार क्रमांक क्रमाने दिला जात नाही. त्याच्या १२ अंकांवरून गाव, जात किंवा वय कळत नाही. त्यातील शेवटचा अंक हा पडताळ्याचा अंक असतो. लिहिताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर या अंकामुळे चूक तत्काळ लक्षात येते.

कोणता रकाना एकमेव मानावा?

रकान्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार होतात. अर्ज क्रमांक डेटाबेस स्वतः तयार करतो. आधार क्रमांक अथवा जनावराच्या कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक बाहेरून येतो. तो केवळ पडताळून घ्यावयाचा असतो. तिसरा प्रकार जोडमूल्याचा होय. गट क्रमांक ४५ अनेक गावांत असतो. म्हणून गाव, गट क्रमांक व हिस्सा ही तिन्ही मिळून जमिनीची ओळख ठरते. त्या जमिनीस अनेक सहहिस्सेदार असू शकतात. तेव्हा शेतकऱ्याच्या नोंदीत त्यासोबत खातेदाराचा क्रमांकही घेतला पाहिजे.

निर्बंध चुकीच्या रकान्यावर घातल्यास अन्याय होतो. सातपुड्यातील पाड्यांवर अनेक घरांत एकच मोबाईल असतो. मोबाईल क्रमांक एकमेव मानल्यास पतीच्या मागून अर्ज करणाऱ्या पत्नीस दार बंद होईल. तसेच, ज्या वनहक्कधारकांकडे सातबारा नाही, त्यांच्या अर्जात गट क्रमांकाचा रकाना रिकामा राहू द्यावा. तेथे सर्वांसाठी ‘०’ भरल्यास पहिला अर्ज स्वीकारला जाईल व पुढचे सर्व ‘दुबार’ ठरतील.

क्रमांक वेगळा म्हणजे माणूस वेगळा नव्हे

एकाच शेतकऱ्याने दोनदा अर्ज भरला, तर संगणक त्यास दोन निरनिराळे क्रमांक देईल व दोन्ही नियमानुसार एकमेवच असतील. आधार देण्यापूर्वी बोटांचे ठसे व डोळ्यांची बुबुळे आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात, ती याच कारणासाठी. आपल्या अर्जांत हे काम भरणाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून असते.

नोंद करणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. नवी नोंद करण्यापूर्वी जुनी नोंद आहे किंवा कसे, हे शोधून पाहावे.

२. क्रमांक मागेपुढे मोकळी जागा न सोडता भरावा. ‘४५’ देवनागरीत व रोमन अंकांत भरल्यास ती दोन मूल्ये ठरू शकतात. म्हणून सर्वत्र एकच लिपी वापरावी.

३. ‘००४२’ सारखा क्रमांक मजकूर म्हणून साठवावा. संख्या म्हणून साठविल्यास आरंभीची शून्ये नाहीशी होतात.

४. नोंद जतन होऊन क्रमांक दिसल्यावरच तो शेतकऱ्यास लिहून द्यावा.

५. ‘दुबार नोंद’ असा संदेश आल्यास शेतकऱ्यास परत न पाठविता आधीची नोंद उघडून पाहावी. ती त्याचीच असल्यास दुरुस्त करावी. दुसऱ्याची असल्यास कागदपत्रांसह वरिष्ठांकडे कळवावी.

संगणक नियम पाळतो. परंतु समोर उभा असलेला माणूस कोण, हे पारखणे कर्मचाऱ्याकडेच राहते. धडगावहून दिवस मोडून आलेल्या शेतकऱ्याचा अर्ज केवळ नावाच्या साम्यामुळे परत जाऊ नये, एवढी दक्षता प्रत्येकाने घेतल्यास योजनेचा लाभ योग्य हाती पोहोचण्यास निश्चित साहाय्य होईल.