चौदा तासांचे सात

सकाळी ७.२५

सात तारखेला पालघरहून डहाणूकडे जाणाऱ्या लोकलमध्ये विषय एकच असतो: पगार जमा झाला का? २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून विरार-नालासोपाऱ्याच्या बायकाही आमच्या डब्यात असतात. उमरोळीला आणखी दोघी-तिघी चढतात आणि बोईसरला डबा निम्मा रिकामा होतो. आज बाकड्याभोवती आम्ही दहाजणी. नऊजणी कंत्राटी, कुणी पॅकिंगला, कुणी साफसफाईला, एक कापड कारखान्यात. दहावी औषध कंपनीत मॅनेजर. फर्स्ट क्लासचा पास असूनही गप्पांसाठी आमच्यात बसते.

नऊजणींना चौदा-चौदा हजार आणि मॅनेजरबाईंना दीड लाख धरले, तर या बाकड्याचा सरासरी पगार होतो २७,६००. एवढा पगार आमच्यातल्या एकीलाही नाही. म्हणून दोन देशांच्या सरासऱ्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या दिसल्या की मी आधी बाकड्यावर कोण-कोण बसलंय ते बघते. केंद्राच्या श्रमबल पाहणीत २०२४ च्या सुमारास नियमित पगारदाराची महिन्याची सरासरी कमाई एकवीस हजारांच्या आसपास होती. पण देशातल्या काम करणाऱ्यांपैकी असा पगारदार पाचांत एखादाच. उरलेले चौघे रोजावर, शेतावर नाहीतर स्वतःच्या टपरीवर. ते त्या सरासरीत नाहीतच.

सकाळी ९.००

बोईसर स्टेशनवरून शेअर रिक्षाने एमआयडीसी. मी कामगार पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे पगारपत्रकं करते. भिंतीवर किमान वेतनाचा तक्ता चिकटवलाय: कुशल, अर्धकुशल, अकुशल, पुढे परिमंडळ, मूळ दर आणि विशेष भत्ता. हा भत्ता महागाईच्या निर्देशांकावर जानेवारीत आणि जुलैत बदलतो. तक्त्याखाली पेन्सिलने कुणीतरी 'कमाल वेतन' असं लिहून ठेवलंय. मी ते पुसलेलं नाही. कायद्याने याच्याखाली जायचं नाही एवढंच सांगितलं होतं, पण ठेकेदाराला तो आकडा याच्यावर जायचं नाही असा ऐकू येतो. दहा वर्षं तेच मशीन चालवणारा ऑपरेटरही कागदावर अकुशलच राहतो.

एक पावती उलगडून दाखवते. रोज ५५० धरा. महिना सव्वीस दिवसांचा, त्यात एक खाडा, म्हणजे पंचवीस हजेऱ्या: १३,७५०. त्यातून पीएफचे बारा टक्के १,६५०, ईएसआयचे पाऊण टक्का म्हणून १०४, व्यवसाय कर २००. हातात ११,७९६. बाईची पावती असेल तर ते २०० वाचतात, कारण पंचवीस हजारांपर्यंत बायकांना व्यवसाय कर माफ आहे. उचल घेतली असेल तर ती आणखी वजा.

सकाळी ११.१५

सुपरवायझर ओटीचा कागद आणून टाकतो. खरी गोम इथे आहे.

आठ तासांना ५५०, म्हणजे तासाला ६८ रुपये ७५ पैसे. जादा कामाला कायद्याने दुप्पट, म्हणजे तासाला १३७.५०. एका माणसाने महिन्यात चौदा तास ओटी केली तर १,९२५ व्हायला हवेत. कागदावर मात्र तास लिहिलेत सात. साताला दुप्पट दराने ९६२.५०, आणि चौदाला साध्या दराने गुणलं तरी तेच ९६२.५०. तपासणीला कुणी आलं तर दर चोख आहे, दुप्पट आहे, सही आहे. चोरी दरात नाही, तासांत आहे. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याचं गणित पक्कं असणार.

भारतात किमान वेतनाचा कायदा झाला १९४८ साली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो वेतन संहितेत विलीन झाला, पण दर ठरवायची चौकट बरीचशी तीच राहिली. आणि माझ्या भाच्याच्या डोक्यात घोळणारी जर्मनी? तिथे सरसकट किमान वेतन आलं १ जानेवारी २०१५ ला, तासाला साडेआठ युरो. आपल्यानंतर सदुसष्ट वर्षांनी. त्याआधी तिथे बऱ्याच धंद्यांत संघटना आणि मालक बसून दर ठरवत. संघटनांची पकड सैल झाली तेव्हा कायदा करावा लागला. त्या कायद्यात एक कलम मला दरापेक्षा मोलाचं वाटतं. बांधकाम, साफसफाई अशा धंद्यांत मालकाने प्रत्येक माणसाचं काम कधी सुरू झालं, कधी संपलं आणि किती तास झालं हे सात दिवसांच्या आत लिहायचं, आणि ती नोंद दोन वर्षं ठेवायची. तपासायला येतात ते सीमाशुल्क खात्याचे अधिकारी.

दुपारी १.००

डबा उघडेपर्यंत बहिणीच्या मुलाचा मेसेज. आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून याच्या डोक्यात जर्मनी बसलीय. 'मावशी, यंदा जानेवारीपासून तासाला १३.९०!! शंभराने गुण.'

गुणलं. युरो शंभराला धरला तर तासाला १,३९० रुपये. आपल्या अडुसष्टच्या वीसपट. त्याचे डोळे दिपणारच. मग मी वहीच्या मागच्या पानावर दुसरा हिशेब मांडला: कशासाठी किती तास राबायचं?

बोईसरमध्ये तासाभराच्या मजुरीत तीन वडापाव आणि एक कटिंग येते. तिथे भुकेच्या वेळी उभ्याने खायचा तो डोनर सात युरोच्या आसपास, म्हणजे तासाला जेमतेम दोन. केस कापायला इथे ऐंशी रुपये, सव्वा तासाच्या आतली मजुरी. तिथे अठ्ठावीस युरो घेतले तर दोन तास गेले. इथवर बोईसर पुढे! आता चौदा हजारांचा मोबाइल घ्या. इथे दोनशे तास, म्हणजे महिन्याची हजेरी. तिथे दहा तास, सव्वा दिवस.

असं का? न्हाव्याची मजुरी त्याच गावच्या मजुरीने ठरते. बोईसरचा न्हावी स्वस्त आहे, कारण त्यालाही आमच्यासारखंच कमी मिळतं. मोबाइलची किंमत मात्र सगळीकडे जवळपास सारखीच. सगळ्या वस्तूंची मोट बांधून अर्थशास्त्रज्ञ क्रयशक्तीचा दर काढतात. त्या हिशेबाने एका युरोची खरेदी इथे ढोबळमानाने तीस रुपयांत होते, आणि वीसपट उतरून सहापट होते. सहापटही थोडी नाही. पण जो तिथे कमावून तिथेच खाणार त्याने सहापट धरावी. वीसपट फक्त त्या पैशांची, जे तो बोईसरला पाठवील.

किती पाठवील? आठवड्याला चाळीस तास धरून महिन्याचे साधारण २,४०० युरो. पेन्शन, आरोग्यविमा, कर गेल्यावर एकट्या माणसाच्या हातात सतराशेच्या आसपास. खोलीला पाचशे धरले, खाणं-पिणं, प्रवास, जॅकेट, हे वजा जाता उरेल तेवढंच. तिथला पूर्णवेळ कामगारांचा मधला पगार, म्हणजे निम्मे ज्याच्या वर आणि निम्मे ज्याच्या खाली, चार हजारांच्या आसपास आहे. किमान दरावर राबणारा तिथे मागच्या रांगेतला, फार तर नवखा. आमच्या तक्त्यावरचा दर हा मात्र माणसाचा आयुष्यभराचा पगार.

दुपारी ३.१०

पहिली पाळी सुटली. खिडकीशी रांग. बऱ्याच जणांचा पगार खात्यात जमा झालाय. येतात ते खाडा-ओटी विचारायला. एक पोरगा मोखाड्याकडचा, खोली भाड्याने घेऊन चौघांत राहतो. गावी रोजगार हमीवर २०२५-२६ चा दर ३१२ रुपये, तोही काम निघालं तर. त्याच्या दृष्टीने बोईसर हीच जर्मनी. तो पहिल्यांदा ५५० ऐकून आला तेव्हा त्यानेही गुणाकारच केला असणार. खोलीभाडं वजा करायचं पुढे सुचतं.

या जिल्ह्यात मजुरीचा दर लोकांनी कायद्याच्या आधी मागितलाय. १९४५ मध्ये, गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली, तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी गवतकापणीला हात लावायचं नाकारलं. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. मला त्यातला 'पाचशे पौंड' फार शहाणपणाचा वाटतो. नुसता रोज मागितला असता तर दिवस केवढा ते जमीनदाराने ठरवलं असतं. गवताचं वजन काट्यावर दिसतं.

'ताई, माझ्या वहीत चौदा तास आहेत,' तो पोरगा म्हणतो. खिशातून शंभर पानी वहीचं फाडलेलं पान काढतो. तारखा आहेत, तास आहेत, वेळा नाहीत.

'आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळही लिही. गेटवर पंच करतोस ना, त्याचा फोटो काढ. आणि पान फाडू नकोस, वही अख्खी ठेव.'

सुपरवायझर मागेच उभा होता. मी पुढच्याला हाक मारली.

संध्याकाळी ६.३०

परतीच्या गाडीत बसायला मिळालं. पालघरला उतरून बहिणीकडे गेले. तिचा पोरगा जर्मनच्या क्लासला गेला होता. ए-वन पातळी झालीय, बी-वन गाठायचीय, पाढ्यांसारखी क्रियापदं घोकतो. कुणीतरी एजंटही गाठलाय, तो म्हणतो भाषा तिथे गेल्यावर शिकता येईल. हे ऐकूनच माझ्या कपाळाला आठ्या पडल्या.

'पाठवू का गं?' बहिणीने विचारलं.

म्हटलं, पाठव, पण एजंटला आधी चार गोष्टी विचार, आणि उत्तरं लेखी घे. दर तासाचा लिहिलाय की महिन्याचा? आठवड्याला किती तास? खोलीचं भाडं पगारातून कापणार का, आणि किती? आणि तासांची नोंद कोण ठेवणार, तिची प्रत पोराला मिळणार का?

'एवढं विचारलं तर एजंट चिडेल.'

'चिडू दे. दुसरा बघू.'