दात्याची वही

गुप्तदान श्रेष्ठ, हा आपला जुना संस्कार. अमेरिकेतील कायदा मात्र उलट्या दिशेने जातो. तेथे एखादा धनिक आपली संपत्ती खाजगी प्रतिष्ठानाच्या नावे करतो तेव्हा त्याला करात सवलत मिळते. सवलत म्हणजे सरकारी तिजोरीत न आलेला पैसा. तेव्हा तो कोठे गेला हे विचारण्याचा हक्क जनतेला पोचतो. म्हणून अशा प्रतिष्ठानाला दरवर्षी करखात्याकडे ‘९९०-पीएफ’ नावाचे विवरणपत्र भरावे लागते, आणि ते कोणालाही पाहता येते. आज ते घरबसल्या फुकट वाचावयास मिळते.

आता आपल्याकडील एखाद्या ग्रंथालयाचा चिटणीस काय करतो? मोठमोठ्या नावांची यादी काढतो आणि शंभर पत्रे टाकतो. उत्तर येत नाही. खर्च मात्र संस्थेच्या माथी. त्याने आधी हे विवरणपत्र उघडावे. त्यात एक छोटी चौकट असते : ‘आधीच निवडलेल्या संस्थांनाच आम्ही देणगी देतो, आपण होऊन आलेले अर्ज घेत नाही’, अशा अर्थाची. तेथे खूण असली की पत्राचे श्रम वाचले. नसली, तर अर्ज कोणाकडे व कोणत्या मुदतीत पाठवावा हे त्याच ठिकाणी सांगितलेले असते.

पण खरा ऐवज देणग्यांच्या यादीत आहे. कोणाला, कशासाठी, किती डॉलर दिले, हे तेथे ओळीओळीने नोंदलेले असते. माहितीपत्रकात ‘जगभरातील शिक्षण’ असे भारदस्त शब्द असावेत, आणि यादीत एकाच शहरातील तीन शाळा! अशा वेळी विश्वास यादीवर ठेवावा. तीन-चार वर्षांच्या याद्या शेजारी-शेजारी मांडाव्यात. तीच नावे पुन्हा पुन्हा येत असतील तर नवख्याला वाव थोडा. देणग्या ५,००० डॉलरच्या आसपास असतील तर तेथे ५०,००० मागणे हा व्यवहार नव्हे. विवरणपत्र वर्ष संपल्यावर साडेचार महिन्यांनी, आणि मुदतवाढ घेतल्यास त्याहून सहा महिने उशिरा भरले जाते. म्हणजे हाती येतो तो शिळा हिशेब, हेही ध्यानात असावे.

यादीत एकही परदेशी संस्था नसेल तर आपण तेथे हात पसरू नये. असली, तरी अर्ध्या वाटेवर आपला कायदा उभा आहे. २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो. ही तयारी अर्जाच्या आधीची.