छर्ऱ्यांना चोक, गोळीला मोकळी वाट

जामखेड तालुक्यातील खर्ड्याला शाळेची सहल गेली, की ११ मार्च १७९५ च्या लढाईची गोष्ट ओघाने निघते. मराठे आणि निजाम, दोघांच्याही फौजेत बंदूकधारी कवायती पलटणी होत्या. त्या काळच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. शिशाची गोळी तोंडाकडून भरायची आणि आत दारूची काजळीही साचायची, म्हणून ती नळीपेक्षा किंचित लहान ठेवत. बार उडाला की गोळी आतल्या आत इकडेतिकडे आपटत बाहेर पडे. शेवटी ती ज्या कडेला घासेल, त्यावर तिची दिशा ठरे.

गुळगुळीत नळीची बंदूक आजही वापरात आहे. शेतराखणीच्या परवान्यावर ठेवली जाणारी 'बारा बोर' ती हीच. या नावातच एक गणित दडले आहे. एक पौंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर एका गोळीचा व्यास हाच या नळीचा व्यास. एका गोळीचे वस्तुमान ३७.८ ग्रॅम, शिशाची घनता ११.३४, आकारमान निघते सुमारे ३.३३ घन सेंटिमीटर. गोलाच्या सूत्रावरून व्यास येतो १८.५ मिलिमीटर. नववी-दहावीच्या मुलांना हे उदाहरण जरूर घालावे.

या बंदुकीत बहुधा छर्ऱ्यांचे काडतूस वापरतात. नळीतून सुटलेले छर्रे पांगत जातात. ते उशिरा पांगावेत म्हणून नळीचे तोंड थोडे आवळलेले असते. या आवळीला 'चोक' म्हणतात. पूर्ण चोक म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरची आवळ. पण तिचा परिणाम मोठा. ४० यार्डांवरील ३० इंची वर्तुळात बिनचोक नळीचे सुमारे ४० टक्के छर्रे पडतात, तर पूर्ण चोकचे सुमारे ७० टक्के.

काही काडतुसांत छर्ऱ्यांऐवजी एकच जाड शिशाची गोळी असते, तिला 'स्लग' म्हणतात. आता प्रश्न असा, की स्लगसाठी कोणता चोक निवडावा? आवळ नळी म्हणजे नेम पक्का, असे पुष्कळांना वाटते. ते खरे आहे का?

वर्गात करून पाहू या. एका अंगठीतून ज्वारीचे दाणे ओता. ते एकमेकांना सरकून जागा देतात आणि सहज निघून जातात. आता अंगठीपेक्षा किंचित मोठी ओल्या मातीची गोळी दाबून पलीकडे काढा. ती खरवडते आणि लांबट, वाकडी होते. तेवढ्याच आकाराची काचेची गोटी मात्र अडूनच बसते.

उत्तर यातच आहे. चोक हा जमावाला एकत्र ठेवण्यासाठी असतो. स्लग एकटाच, त्यात गोळा करण्यासारखे काहीच नाही. स्लगचे वजन पुढच्या भागात असते, म्हणून तो बॅडमिंटनच्या फुलासारखा सरळ जातो. त्याच्या अंगावरच्या तिरप्या खाचांमुळे तो जोरात फिरतो असा समज आहे. प्रत्यक्षात फिरकी अल्पच असते. चोकमधून जाताना शिशाला दबायला जागा मिळावी, हा त्या खाचांचा मुख्य उपयोग. मऊ स्लग पूर्ण चोकमधून गेलाच, तरी वेडावाकडा दबतो आणि नेम बिघडतो. कठीण, भरीव गोळी नळीच फाडू शकते.

म्हणून स्लगसाठी बिनचोक किंवा सुमारे पाव मिलिमीटर आवळीची नळी योग्य. गोळी सैलही नको, चेपलेलीही नको. दुनळी बंदुकीत बहुधा उजवी नळी कमी चोकची आणि डावी जास्त चोकची असते. पण अंदाजावर न जाता जाणकार कारागिराकडून मोजून घ्यावी. काडतुसाच्या खोक्यावरची सूचना वाचावी. घरी ओतलेल्या गोळ्या कधीही वापरू नयेत.

या अर्ध्या-एक मिलिमीटरला एवढे महत्त्व का? छर्रे हवेच्या विरोधाने लवकर मंदावतात. सुमारे २८ ग्रॅमचा स्लग मात्र कित्येक शे मीटर जातो, आणि उभ्या ज्वारीपलीकडे कोण राखणीला बसले आहे, हे रात्री दिसत नाही. रानडुक्कर पिकात शिरले, तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार वनखात्याच्या परवानगीशिवाय ते मारता येत नाही. परवानगी माणसाला मिळते; गोळीला मात्र फक्त पदार्थविज्ञानाचे नियम कळतात. ते बंदूक हाती येण्याआधीच, वर्गात कळलेले बरे.