शुक्राणूच्या शेपटीतून कर्करोगाच्या गाठीकडे

स्खलनानंतर लगेच शुक्राणू बीजाचे फलन करू शकत नाही. मादीच्या जननमार्गात काही तास काढल्यावरच त्याच्या अंगी ती ताकद येते. एम. सी. चँग आणि सी. आर. ऑस्टिन यांनी 1951 मध्ये हे स्वतंत्रपणे दाखवून दिले. या तयारीत कॅल्शियम आत शिरते, काही प्रथिनांवर फॉस्फेट बसते आणि शेपूट जोराने फटकारे मारू लागते, हे पुढच्या काही दशकांत उलगडत गेले. 2002 मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने सीएबीवायआर हे प्रथिन जगापुढे मांडले. त्याचा मुक्काम शेपटीच्या तंतुमय आवरणात. तयारीच्या काळात त्याच्यावर फॉस्फेट चढते आणि त्या रूपात ते कॅल्शियम धरते.

इथवरची गोष्ट वंध्यत्वाच्या अभ्यासकांची. तिला वळण मिळाले ते कर्करोगामुळे.

ब्रुसेल्समध्ये तिएरी बून यांच्या गटाने 1991 मध्येच मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींत मेज हे जनुक शोधले होते. निरोगी शरीरात ते जवळजवळ फक्त वृषणात जागे असते, गाठीत मात्र भलत्या जागी जागे होते. वृषणातील जननपेशींना रक्तापासून तटबंदी असते, शिवाय त्यांच्यावर रोगप्रतिकारक पेशींना ओळख पटवणारी खूण नसते. म्हणजे लशीने अशा प्रथिनावर हल्ला चढवला, तर गाठ सापडेल आणि बाकी शरीर वाचेल, ही आशा इथून निघाली. चिनी संशोधकांना 2007 मध्ये सीएबीवायआर फुप्फुसाच्या कर्करोगात आढळले आणि तेही अशा प्रथिनांच्या यादीत गेले. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत अनिल सुरी यांचे एसपीएजी-9 या दुसऱ्या शुक्राणू-प्रथिनावरील कामही याच वाटेवरचे.

माझ्या मते खरा प्रश्न पुढचा आहे. प्रथिन गाठीत सापडले म्हणून गाठीला त्याची गरज असतेच असे नाही. जनुकांवरची रासायनिक कुलुपे सैल झाली की अनेक जनुके नुसतीच जागी होतात. फुप्फुसाच्या कर्करोगपेशींत सीएबीवायआर दाबल्यावर त्या औषधांना अधिक बळी पडतात, असे प्रयोगशाळेत दिसले. ही नोंद मोलाची आहे, पण ती बशीतल्या पेशींची आहे, रुग्णांची नाही. तिच्यावरून उपचाराची भाषा करणे मला घाईचे वाटते.

घाईची किंमत या क्षेत्राने मोजली आहे. मेज कुटुंबातील मेज-ए3 या प्रथिनावरची लस फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 2,272 रुग्णांवर तपासली गेली आणि 2014 मध्ये ती अपयशी ठरली. त्याआधी त्याच प्रथिनाविरुद्ध घडवलेल्या टी-पेशींनी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींनी, हृदयातल्या टायटिन या प्रथिनावर हल्ला केला आणि दोन रुग्ण दगावले.

तरीही वाट बंद झाली नाही. ऑगस्ट 2024 मध्ये त्याच कुटुंबातील मेज-ए4ला लक्ष्य करणाऱ्या टी-पेशींच्या उपचाराला अमेरिकेत सायनोव्हियल सार्कोमा या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली. सीएबीवायआरवर बेतलेला एकही उपचार मात्र अजून मंजूर झालेला नाही.